ताईंच्या गाडीचा स्टॉल

गॅरेजातले किस्से काम करताना जमत नाहीत, हात धुताना जमतात. काळ्या ऑइलचे हात रॉकेल आणि लाकडाच्या भुशानं दहा-दहा मिनिटं चोळावे लागतात. तेवढ्या वेळात दुसरं काम करता येत नाही की कुठं जाता येत नाही. मग माणसं बोलतात. वरवंडला हायवेच्या कडेला वसंतशेठचं गॅरेज आहे, तिथं मी तीस वर्षं असे हात धुतले. ऐकलेलं बरंच डोक्यात राहिलंय, पण भेटेल तो एकाच गाडीचं विचारतो. सुनंदाताईंच्या.

*

दोन हजार तीन-चारची गोष्ट असेल. आमचं काम ट्रकचं आणि साखर कारखान्यांच्या लोडरचं. मोटारी आमच्याकडं कमीच यायच्या. एक दिवस खुटबावच्या बापूसाहेबांची थोरली लेक, सुनंदाताई, स्वतः गाडी चालवत आल्या. त्यांचा डावा पाय लहानपणी पोलिओनं गेलेला. पायाला लोखंडी पट्ट्यांचा कॅलिपर, हातात काठी. क्लच दाबता येत नाही म्हणून बिनक्लचची, ऑटोमॅटिक गाडी घेतलेली. जुनी जपानी, मागच्या चाकांवर चालणारी. इंजिनला पुण्यात टर्बो, म्हणजे जादा हवा कोंबून ताकद वाढवणारा पंखा, बसवून घेतला होता.

दर हिवाळ्यात एका जुन्या धावपट्टीवर सरळ शर्यत व्हायची. निशाण पडलं की दोन गाड्यांनी सुटायचं, आधी पोचेल तो पुढच्या फेरीत. आदल्या साली ताई तिथं उतरल्या होत्या. निशाण पडलं, शेजारची गाडी गेली, ताईंची जागेवरच. मग हळूच निघाली. माइकवरचा माणूस म्हणाला, “ऑटोमॅटिक आहे, विचार करून निघते.” सगळं मैदान हसलं.

बापूसाहेबांनी घरी आल्यावर सांगून टाकलं, यंदा एकदा काय ते कर, मग गाडी विकायची. लोकांनी लेकीला हसलेलं त्यांना सोसलं नव्हतं.

ताई आम्हाला म्हणाल्या, “एकच साल हाय माझ्याकडं. गाडीचं विचार करणं तेवढं बंद करा.”

*

विचार करत होता तो टॉर्क कन्व्हर्टर. ऑटोमॅटिक गाडीत इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्यामध्ये क्लचच्या जागी हाच असतो. लोडरमध्येही असतो, म्हणून माझ्या हाताला त्याची सवय होती. मोटारीचा मात्र कधी उघडला नव्हता.

बापूसाहेब एकदा बघायला आले आणि हे नेमकं काय असतं म्हणाले. वसंतशेठ इंग्रजी शब्द टाकून समजावू लागले. बापूसाहेब मान हलवत होते, पण कळत काही नव्हतं. मी ऑफिसातले दोन टेबलफॅन आणले, समोरासमोर ठेवले आणि एकच चालू केला. त्याच्या वाऱ्यानं समोरचा, वायर न जोडलेला फॅनही फिरायला लागला. म्हटलं, चालू आहे तो इंजिन, समोरचा गिअरबॉक्स, आणि मधल्या वाऱ्याच्या जागी आपलं ऑइल.

बापूसाहेब बराच वेळ त्या दुसऱ्या फॅनकडं बघत राहिले. पंधरा वर्षं सोसायटीचे चेअरमन होते ते.

“म्हंजी ह्याला स्वतःचा करंट न्हाई, नुसता दुसऱ्याच्या वाऱ्यावर फिरतो,” ते म्हणाले. “आमच्याकडं असले सात डायरेक्टर हायत.”

*

ताईंना बाहेरच्या देशातला, शर्यतीच्या गाड्यांसाठी बनवलेला कन्व्हर्टर टाकायचं ठरलं. मुंबईचा एक दुकानदार मागवून देणार होता. दोन महिने बोटीनं येणार, आणि एकदा आला की परत घेणार नाही. म्हणजे निवडायचा तो एकदाच.

निवडायचा असतो स्टॉलवर. गाडी ब्रेकवर जखडून पूर्ण रेस दिली की इंजिनचे मिनिटाचे फेरे एका आकड्यावर जाऊन अडतात, तो तिचा स्टॉल. आकडा कमी असला तर गाडी सुस्त उठते. नको तेवढा जास्त असला तर इंजिन नुसतं ओरडतं आणि ऑइल तापतं.

वसंतशेठ मुंबईशी फोनवर बोलत होते. लाइन खराब, म्हणून आवाज चढलेला. “स्टॉल बदलायचाच हाय! अठ्ठावीसशेचा का पस्तीसशेचा, ते सांगतो उद्या!”

गॅरेजाला लागून किसनचा चहाचा गाडा. जागा वसंतशेठचीच. किसन गाडा उघडा टाकून आला, दारात उभा राहिला आणि पडेल आवाजात म्हणाला, “शेठ, पस्तीसशे तर पस्तीसशे. मीच देतो. पन माझा स्टॉल दुसऱ्याला देऊ नका.”

त्यानंतर चार दिवस चहात दूध जास्त होतं, आलंही होतं. वसंतशेठ म्हणाले, एवढ्यात कुणी खरं सांगू नका.

*

पुण्याहून टर्बो बसवणारे साहेब आले. माणूस हुशार, कॅटलॉग तोंडपाठ. आम्ही सगळे गाडीभोवती, ताई खुर्चीवर पाय लांब करून बसलेल्या. साहेब म्हणाले, टर्बो जागा व्हायला इंजिन उभ्या गाडीतच वर न्यावं लागतं, तेव्हा पस्तीसशेच्या खाली विचारसुद्धा करू नका.

मी विचारलं, “तेवढ्या रेसवर गाडी उभी कशी धरायची?”

“सोपं आहे,” साहेब म्हणाले. “डाव्या पायानं ब्रेक दाबून धरायचा, उजव्या पायानं—”

तिथं त्यांची नजर ताईंच्या पायावर गेली. साहेबांनी कॅटलॉग मिटला, परत उघडला.

ताई म्हणाल्या, “थांबलात का? उजव्या पायाचं सांगा की, तो चांगला हाय.”

साहेब हसले, कपाळावरचा घाम पुसला आणि खरं बोलले, “ताई, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं.”

आमच्याही आलं नव्हतं. अख्खं गॅरेज महिनाभर आकडा किती यावरच भांडत होतं.

*

दुसऱ्या दिवशी मी ताईंना गाडीत बसवलं. डाव्या हातानं हँडब्रेक ओढायला लावला आणि उजव्या पायानं रेस द्यायला सांगितली. काटा पंधराशेवर गेला आणि मागची चाकं ब्रेकसकट पुढं सरकायला लागली. मूळचा हँडब्रेक म्हणजे गाडी उतारावर थांबावी एवढ्यापुरताच. तो मजबूत केला तर ताईंचा हात किती धरील, हे आधी बघायचं आणि स्टॉल मग ठरवायचा, एवढं माझ्या डोक्यात आलं. हात धरील तेवढाच स्टॉल.

वसंतशेठना पटलं. मागच्या चाकांच्या ब्रेकला जबडा असतो, चकती आवळून धरणारा, त्यालाही कॅलिपरच म्हणतात. हँडब्रेकसाठी तो प्रत्येक चाकाला वेगळा बसवायचा ठरलं. वसंतशेठनी दौंडच्या स्पेअर पार्टवाल्याला निरोप धाडला, ‘सुनंदाताईंसाठी कॅलिपर, मागचे, दोन नग.’

दुकानदार बापूसाहेबांच्या ओळखीचा, ताईंना लहानपणापासून बघितलेला. त्याला वाटलं निरोप चुकून आपल्याकडं आला. भला माणूस, त्यानं पायाचे कॅलिपर बनवणारा कारागीर शोधला आणि त्यालाच घेऊन वरवंडला आला. कारागीर म्हातारा होता, पिशवीत टेप आणि चामडं. तो काळजीत पडलेला. वसंतशेठना बाजूला घेऊन म्हणाला, “पट्टा मागनं लावतो आम्ही, पन अख्खा कॅलिपर मागनं कसा घालायचा? आन् दोन कशाला? दुसऱ्या पायाला काय झालं?”

आम्ही हसू दाबत होतो. ताई मात्र मोकळ्या हसल्या, डोळ्यांत पाणी येईस्तोवर. “काका, पाय राहू द्या,” त्या म्हणाल्या. “आलाच हाय तर चाकांचं माप घ्या.”

कारागीर रिकाम्या हातानं गेला नाही. हँडब्रेकचा दांडा आम्ही लांब केला होता, पण तो हातातून निसटायचा. त्यानं ताईंच्या मुठीचं माप घेतलं आणि दांड्याला चामड्याची मूठ शिवून दिली. दौंडहून खरे जबडे आले ते आठवड्यानं. ते बसवले आणि ताईंच्या हाताला सव्वीसशेपर्यंत भरवसा वाटला.

*

मुंबईला कागद भरून पाठवायचा होता. गाडीचं वजन, गिअर, टायरचा घेर आणि शेवटी स्टॉल. वसंतशेठ म्हणाले, सव्वीसशे लिहा. मी चोवीसशे सांगितला. का ते सांगायला सुरुवात केली, तेवढ्यात हायवेवरून ट्रक आत आला. माझ्या बोलण्यावर वसंतशेठचं नेहमीचं ठरलेलं, ‘आबांचं वाक्य पुरं होईस्तोवर गरम इंजिन गार पडतं.’ ते उठून गेले. कागदावर चोवीसशेच गेला.

दोन महिन्यांनी पेटी आली. कन्व्हर्टर बसवला, जास्तीचा ताप आवरावा म्हणून भंगारातल्या लोडरचा ऑइल कूलर लावला. ताईंनी हँडब्रेक ओढून रेस दिली. काटा चोवीसशेवर थांबला नाही. पंचवीसशे पन्नासवर जाऊन उभा राहिला.

वसंतशेठचा चेहरा पडला. त्यांना वाटलं पेटी चुकीची आली. मुंबईला फोन लावायला निघाले.

म्हटलं, “शेठ, पेटीवरचा आकडा साध्या इंजिनाचा असतो. टर्बोचं इंजिन जोरदार, ते त्याच कन्व्हर्टरला वर ढकलतं. म्हणून दोनशे कमी सांगितला.”

“आवो आबा, मग हे तवाच का न्हाई सांगितलं?”

“सांगतच होतो. तुम्ही ट्रककडं गेला.”

*

सरावाला मोकळा, सरळ रस्ता पाहिजे होता. तो मला माहीत होता, आमच्या गावच्या, निमोण्याच्या अलीकडं. सकाळी तिथं वर्दळ नसते. माझा धाकटा भाऊ म्हसू तेवढा मेंढरं घेऊन रस्त्याकडेच्या पडीक रानात असायचा. मी गावातनं गॅरेजात गेलो, तो मेंढरांतच राहिला.

ताईंनी हँडब्रेक ओढला, रेस दिली. इंजिन ओरडतंय, गाडी थरथरतीय, जागची हलत मात्र नाही. म्हसू काठीवर हनुवटी टेकून बघत होता.

“अण्णा,” तो मला म्हणाला, “एवढी वरडतीय आन् जागची हालंना. बिघडली काय रं?”

तेवढ्यात ताईंनी हात सोडला.

गाडी गेली ती गेलीच. आम्ही वळून बघेपर्यंत लांबच्या बाभळीपाशी होती. आणि मेंढरं चौफेर उधळली, निम्मी पडकात, निम्मी शेजारच्या ज्वारीत. ताईंसकट आम्हा सगळ्यांना ती गोळा करायला अर्धा तास लागला. ताई बांधावर काठी आडवी धरून उभ्या होत्या, एकही मेंढरू पलीकडं जाऊ दिलं नाही.

शेवटचं कोकरू काखेत घेऊन म्हसू आला. गाडीकडं बघून म्हणाला, “हालली.”

*

शर्यतीला बापूसाहेब स्वतः आले. जीपमधून त्यांनी आणखी एक माणूस आणला होता, जुन्या गाड्या घेणारा व्यापारी. शब्द म्हणजे शब्द. शर्यत झाली की जागेवरच गाडी त्याच्या ताब्यात द्यायची, असं त्यांनी घरातून निघतानाच ताईंना सांगितलं होतं. व्यापारी सकाळपासून गाडीभोवती फिरत होता, टायरला लाथ मारून बघत होता.

पहिली फेरी ताईंनी घेतली. लोकांना वाटलं नशीब. दुसरी घेतली तेव्हा माणसं कठड्याकडं सरकली. तिसरी घेतल्यावर क्लचवाल्या पोरांपैकी दोघं-तिघं येऊन बॉनेटखाली डोकावून गेली. तिथं त्यांना काय दिसणार होतं?

शेवटच्या फेरीत समोर गेल्या सालचा पहिला आलेला. त्याची गाडी ताईंच्या गाडीपेक्षा हलकी, इंजिन मोठं. दोन्ही गाड्या रेषेवर लागल्या. मी ताईंच्या बाजूला कठड्याशी होतो. खिडकीतनं मला त्यांचा डावा हात दिसत होता, चामड्याच्या मुठीवर. इंजिनचा आवाज चढत गेला आणि एका जागी येऊन थांबला. बरोबर तिथंच, जिथं पाहिजे होता.

निशाण पडलं.

शेजारच्या गाडीची चाकं जागेवर फिरली, धूर निघाला. ताईंची गाडी तेवढ्यात दोन गाड्यांएवढी पुढं गेली होती. त्यानं मागून भरून काढायला सुरुवात केली, खरंच काढलं, अंतर कमी कमी होत गेलं. वसंतशेठनी माझा खांदा धरला तो सोडलाच नाही. धावपट्टी संपली तेव्हा ताई अर्ध्या गाडीनं पुढं होत्या.

माणसं कठडा ओलांडून पळाली. वसंतशेठ त्यांच्यात सगळ्यांच्या पुढं. मला पळता येत नाही, मी तिथंच राहिलो. माझ्या शेजारी बापूसाहेब, टोपी काढून हातात घेतलेली, नजर लांब त्या गर्दीवर. गर्दीतून ताईंची काठी वर आलेली दिसत होती.

व्यापारी घाईघाईनं त्यांच्याजवळ आला. आता कुणी दुसरा मध्ये पडायच्या आत बोलणं पक्कं करावं असं त्याच्या मनात असणार. म्हणाला, “चला बापूसाहेब, ठरल्याप्रमानं चावी घेतो. गाडी आजच नेतो.”

बापूसाहेबांनी मान वळवली नाही.

“कंची गाडी?” ते म्हणाले.