धुतलेलं इंजिन

माझा धाकटा भाऊ पहिल्यापासून हट्टी, आणि आईच्या बाबतीत तर विचारूच नका. तिच्या किडन्या गेल्या तेव्हा आठवड्यातून दोनदा दुधनीहून सोलापूरला डायलिसिसला न्यायची वेळ आली. बसचा प्रवास तिला झेपेना. मी सोलापुरातच दिलेली. म्हटलं, माझ्याकडं ठेव तिला. तर म्हणतो, "अक्का, चार भिंतीत कोंडून मरंल ती." आईचाही जीव दुधनीत अडकलेला. मग माझं कोण ऐकतंय! त्यानं एक जुनी डिझेल जीप घेतली आणि तिला ने-आण करायला लागला.

डायलिसिसच्या खोलीबाहेर तो दाराच्या काचेला नाक लावून उभा असायचा. नळीतून आईचं रक्त मशिनीत जायचं, धुऊन परत यायचं. तासन् तास तेच बघायचा. ते खूळ त्याच्या डोक्यात तिथंच शिरलं.

त्या रविवारी मी दुधनीला गेले होते. दुसऱ्या दिवशी आईची डायलिसिसची पाळी होती, म्हणून त्यानं जीपचं ऑइल बदलायला घेतलं. खालचा नट काढला तर डांबरासारखं काळं ऑइल डब्यात पडलं.

"आत अजून बरंच चिकटून राहतंय बघ," तो म्हणाला. "नवं घातलं की त्याच घाणीत मिसळणार. डिझेल घालून आतनं धुतो."

आई ओसरीवर पडून होती. आमच्या वडिलांनी जन्मभर ट्रक चालवला, त्यामुळं तिला यातलं कळायचं. ती म्हणाली, "ब्याड रे." नको म्हणायचं असलं की तिच्या तोंडून कानडीच निघायचं. "तुझा बाप इंजिन गरम करून नट काढायचा आन् जेवून झोपायचा. निथळंल तेवढं निथळंल, थोडं राहिलं तर राहू दे म्हणायचा. जुनं इंजिन हाय, त्यात काय ओतू नकोस."

"तुझं रगत धुत्यात की! मग हिचं धुतलं तर काय बिघडलं? रस्त्यात बंद पडली म्हंजे?"

मी म्हटलं, "डोकं फिरलंय तुझं." पण त्यानं डिझेल ओतलं, इंजिन थोडा वेळ चालवलं आणि परत सगळं खाली काढलं. काय चिखल निघाला म्हणून सांगू! त्याला कोण आनंद. फिल्टर बदलला, नवं ऑइल भरलं आणि आईला हाताला धरून उठवून आवाज ऐकवला. ती आपली त्याच्याकडं बघून हसली.

सोमवारी सकाळी तिघं निघालो. अक्कलकोट मागं पडलं आणि ऑइलचा लाल दिवा लागला. विझला, पुन्हा लागला. "अरे, थांब की," मी ओरडले. "वळसंगपातुर जाऊ दे अक्का, आईची पाळी जाईल," म्हणत तो दामटत राहिला. आधी खडखड झाली, मग आतून कचकन आवाज आला आणि इंजिन जाम झालं. पुढं मेकॅनिकनं खोलून दाखवलं, वर्षानुवर्षांची घाण डिझेलनं सुटून ऑइल ओढणाऱ्या जाळीवर बसली होती. नवंकोरं ऑइल खाली तसंच होतं, ते वर चढतच नव्हतं.

आईला आम्ही लिंबाखाली बसवलं. पाय सुजून खांबासारखे झालेले, धाप लागलेली. मी रस्त्यात उभी राहून गाड्यांना हात करत होते आणि एकही मेला थांबत नव्हता. भाऊ बॉनेटवर डोकं आपटून घेत होता.

"हिकडं ये," आईनं त्याला बोलावलं. दर दोन शब्दांनी तिला थांबावं लागत होतं. "माझं तरी कुटं समदं निघतंय? राहिल्यालं घिऊनच चाललीया न्हवं मी." तो तिच्या मांडीवर डोकं ठेवून लहान पोरासारखा रडला.

शेवटी एका दुधाच्या टेम्पोवाल्याला दया आली. दवाखान्यात पोचलो तर तिच्या मशिनवर दुसरा पेशंट. संध्याकाळी कधीतरी जागा मिळाली, तीही नेहमीपेक्षा कमी वेळ. त्याच आठवड्यात तिच्या छातीत पाणी भरलं आणि ती गेली.

जीप त्यानं दुरुस्त केली. त्याच रस्त्यावर सीटा भरून वडाप करतो. ऑइल बदलायचं असलं की नट काढतो आणि शेजारी बसून एकेक थेंब पडताना बघत राहतो, जेवायला हाका मारल्या तरी उठत नाही. मी गेलेली असले की हमखास विचारतो, "अक्का, त्या दिवशी वेळेवर पोचलो असतो तर?"

मी त्याच्या अंगावर खेकसते, "किती वेळा सांगू रे येड्या? तिचं हृदयच थकलं होतं. त्या एका दिवसानं काही फरक पडला नसता, डॉक्टर स्वतः म्हणाले मला." मग तो मान हलवतो, हात धुतो आणि ताटावर येऊन बसतो.

डॉक्टरांना मी हे कधी विचारलेलंच नाही. माझी हिंमतच झाली नाही.