आणा इकडं, तसं नाय ते

"आणा इकडं. तसं नाय ते."

एवढं म्हणून सर समोरच्याच्या हातातली खुरपी काढून घ्यायचे. वाक्य संपायच्या आतच ती त्यांच्या हातात गेलेली असायची. कुंडी भरायला आलेली बाई रिकामे हात हवेत धरून उभी राहायची आणि सर तिची कुंडी भरून, माती दाबून, रोप लावून, वर पाण्याचा हलका शिपका मारून मोकळे व्हायचे. मग कौतुकानं म्हणायचे, "बघा, जमलं का नाय तुम्हाला?"

बाईला ते खरंच वाटायचं. ती कुंडीसोबत फोटो काढून घ्यायची.

उस्मानपुऱ्यातल्या आमच्या कॉलनीच्या मोकळ्या जागेत गार्डन क्लब महिन्यातून एका रविवारी कार्यशाळा भरवतो. 'स्वतःच्या हातांनी' हे तिचं नाव. नाव मीच दिलेलं. माझं बालपण पत्रकांत गेलं. वडील चळवळीतले, आमच्या घरात पाहुण्याला टेकायला जागा नसायची, पण पत्रकांच्या गठ्ठ्यांना कायम असायची. मी अक्षरं शिकले ती 'बंधुभगिनींनो, जागे व्हा' यावरून. पत्रक लिहिता येतं म्हणून क्लबनं मला बोलावलं, आणि मी गेले ती मुख्यतः या लोकांना जवळून नाकं मुरडता यावीत म्हणून.

निराशा झाली नाही. ज्या शहरात नळाला पाणी आलं ही गल्लीत ओरडून सांगायची बातमी असते, तिथं हे लोक टँकर मागवून गुलाब जगवतात आणि 'पाणी वाचवा' असं लिहिलेल्या टोप्या घालतात. मातीशी नातं जोडायला येतात ते हातमोजे घालून. पडेगावकडून एक धनगर बाई लेंडीखताची पोती घेऊन यायची, तेव्हा यांचे रुमाल नाकाला लागायचे. खताच्या कार्यशाळेनंतर सगळ्यांना प्रमाणपत्रं वाटली गेली तेव्हा ती पोतं झटकत म्हणाली, "आमच्या शेळ्या तर रोजच खत करत्यात. त्यांना बी द्या की एखादं!"

मी एकटीच मोठ्यानं हसले. सरही हसले असते. पण ते कुणाच्या तरी बादलीतलं खत स्वतः कालवत होते.

सर पूर्वी शाळेत चित्रकला शिकवायचे. क्लबात त्यांचा एक जुना विद्यार्थी आहे, आता पोट सुटलेला, गॅस एजन्सी चालवतो. तो सांगायचा, "माझ्या हॉलमध्ये मी शाळेत काढलेलं चित्र फ्रेम करून लावलंय. झाडं सरांची, डोंगर सरांचे, सावल्या सरांच्या. माझं फक्त खाली नाव आहे."

"ते तरी तू लिहिलंस?" मी विचारलं.

"कुठलं! अक्षर वाकडं आलं म्हणून तेही सरांनीच लिहिलं."

तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं. दुसऱ्याला शिकवतोय या समजुतीत ती जन्मभर स्वतःच काम करत राहतात, आणि शिकणारे आपण शिकलो या समजुतीत घरी जातात. दोन्ही बाजू खूश. फसवणुकीचा इतका सुखाचा व्यवहार मी दुसरीकडे पाहिलेला नाही. मी हे सरांना तोंडावर सांगितलं होतं. ते म्हणाले, "क्रांतीताई, तुम्ही लई बोलता. ते रोप आणा इकडं."

क्रांती हे माझं नाव नाही. त्यांनी ठेवलेलं.

त्यांचं खरं कसब एकच होतं: मोसंबीचा डोळा भरणं, म्हणजे कलम करणं. जंबेरीच्या रानटी रोपाच्या सालीवर चाकूनं उभा-आडवा काप घ्यायचा, मोसंबीच्या काडीवरचा एक डोळा सालीसकट काढून त्यात बसवायचा आणि पट्टी बांधायची. डोळा हिरवा राहिला तर जिंकलं, काळा पडला तर गेलं. हे ते पाचोडजवळच्या गावात, वडलांच्या बागेत शिकले होते. दर वर्षी थंडी सरताना ते याची कार्यशाळा घ्यायचे. सगळे भोवती गोल करून उभे राहायचे, सर भराभर डोळे भरायचे, सगळ्यांना प्रमाणपत्र मिळायचं. त्या गोलातल्या कुणीही कधी चाकू धरलेला नव्हता.

मग एका हिवाळ्यात गावाकडच्या भावानं उरलेली बाग काढून तिथं प्लॉटिंग करायचं ठरवलं. बाग तोडून उभ्या राहणाऱ्या त्या वसाहतीचं नाव काय ठेवलं असेल? 'मोसंबी पार्क'. माणूस आधी झाड मारतो, मग त्याचं नाव कमानीवर लावतो. यावर मी एक जळजळीत मजकूर लिहून सरांना वाचून दाखवला. ते ऐकत होते की नाही कोण जाणे. म्हणाले, "वडलांच्या हातचं एकच झाड राहिलंय. रविवारच्या आत काड्या आणतो."

ते एसटीनं गेले आणि काड्या घेऊन आले. ओल्या गोणपाटात गुंडाळलेलं ते बोचकं त्यांनी प्रवासभर मांडीवर ठेवलं होतं. पँट तिथं ओली होती. झाड दुसऱ्याच दिवशी पडलं.

रविवारी सकाळी पत्र्याच्या शेडखाली जंबेरीची रोपं पिशव्यांत तयार होती. सर वेताच्या खुर्चीवर बसले. "मोजकेच डोळे हायत," ते म्हणाले. "गडबड नको."

पहिला काप घेताना चाकू घसरला आणि साल फाटली. दुसऱ्या वेळी डोळा बोटांतून सुटून मातीत पडला. तिसऱ्या वेळी त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट धरलं. मग दोन्ही हात थरथरायला लागले.

आम्हाला ठाऊक होतं. त्या हिवाळ्यात सर चहा सगळ्यांचं लक्ष दुसरीकडे असताना प्यायचे, आणि बशी कधीच घ्यायचे नाहीत. कुणी विचारलं नव्हतं. हातमोज्यांच्या क्लबात हातांबद्दल बोलत नाहीत.

सरांनी चाकू मांडीवर ठेवला. "कोणाला येतं?"

ज्यांच्या दिवाणखान्यात डोळा भरण्याचं प्रमाणपत्र काचेत लावलंय, त्या खजिनदार बाई मोज्याची बोटं ओढून नीट करत होत्या. एक गृहस्थ हळूच म्हणाले, "व्हिडिओ असेल बघा मोबाईलवर." गॅसवाला जमिनीकडे बघत होता.

"कसं येईल, सर?" मी म्हणाले. "तुम्ही कधी कुणाला चाकू धरू दिलाय का?"

खजिनदार बाई "अगं!" म्हणाल्या. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "व्हय. खरंय ते."

त्यांनी चाकू उलटा करून मूठ माझ्यासमोर धरली. "घ्या, क्रांतीताई. लई बोलता. करा आता."

मी काडी उचलली.

"तसं नाय ते—" त्यांचा हात पुढं आला. अर्ध्यावर थांबला. त्यांनी तो मागं घेतला आणि मांडीखाली सारला. मग दुसराही सारला. आणि स्वतःच्या हातांवर दाबून बसले.

"मग कसं?" मी विचारलं.

"जरा असं."

"असं म्हणजे?"

"असं म्हणजे… असंच की!"

आयुष्यभर शिकवत आलेल्या माणसाकडं शिकवायला एक शब्द नव्हता. सगळं हातांत होतं, आणि हात खाली दाबलेले. त्यांचा चेहरा लाल झाला. खांदे पुढं झुकत होते, मागं जात होते. मला वाटलं, आता उठतील आणि हिसकावतील. उरलेले डोळे सुकतील, प्रमाणपत्रं मात्र वाटली जातील.

ते उठले नाहीत. "काडी उलटी धरली तुम्ही," ते सावकाश म्हणाले. "देठ खाली पाहिजे. डोळा त्याच्या वर. त्याला आभाळ दिसलं पाहिजे. तुम्हाला उलटं टांगलं तर जगाल का?"

मी काडी फिरवली.

"आता काप. हलक्यानं. फक्त साल, लाकूड नाय… बास, बास! आता साल उचला. सोलू नका, उचला. झोपलेल्या लेकरावरची चादर उचलतो तशी."

माझा पहिला डोळा वाकडा बसला. दुसरा त्याहून वाकडा. पट्टी बांधायला गॅसवाला पुढं झाला आणि सिलेंडरची गळती थांबवावी तशी त्यानं ती आवळली. "अरे गाढवा, डोळ्यावरून नाय!" सर ओरडले. "त्याला उघडा ठेव की!" गाढवानं डोळे पुसले आणि पट्टी सोडून पुन्हा बांधली. मग त्यानं चाकू मागितला आणि मी दिला. दुपारपर्यंत आम्ही दोघांनी सगळे डोळे भरले. सर बोलत राहिले. इतकं बोलताना त्यांना कुणी ऐकलं नव्हतं.

बहुतेक डोळे काळे पडले. तीन हिरवे राहिले.

पुढच्या पावसाळ्यात सर गेले. क्लबनं शोकसभा घेतली. बॅनरवर 'आम्हाला हात देणारे सर' असं छापलं होतं. ते मी लिहिलेलं नाही. त्यावरच्या फोटोत सर कुणाच्या तरी हातातून खुरपी काढून घेताना दिसतात, आणि ज्याच्या हातून ती निघतेय तो कॅमेऱ्याकडे बघून हसतोय. खजिनदार बाईंनी सांगितलं की डोळा भरायला त्या सरांकडूनच शिकल्या. टाळ्या पडल्या. गॅसवाल्यानं माझ्याकडे पाहिलं आणि आम्ही दोघंही उठून त्या तीन रोपांना पाणी घालायला गेलो.

मला सर आठवतात ते त्या दुपारचे. शेवटची पट्टी बांधून झाली तेव्हा ते खुर्चीवरून उठले. दोन्ही पंजांवर वेताच्या विणीचे वळ उमटले होते, लालभडक, बोटांच्या टोकांपर्यंत. त्यांनी हात एकदा झटकले, आमच्याकडे पाहिलं आणि घाईनं खिशात घातले.

"बघा," ते म्हणाले, "जमलं का नाय तुम्हाला?"