मागच्यांना पुढे जाऊ द्या

इकडे हिंदी मुलखात, रेल्वे कॉलनीच्या गोल्फच्या मैदानावर मी खेळणाऱ्यांच्या काठ्यांची पिशवी वाहतो. बँकेतला हा मराठी साहेब नवा होता, तेव्हा प्रत्येक फटक्याआधी सहा वेळा काठी हवेत फिरवायचा. चेंडू हरवला की झुडपातून हलायचा नाही. मागून खेळत येणारे ओरडायचे, "भाईसाब, खेलिए भी!" त्याचे कान लाल व्हायचे.

मी तोंडावर सांगितलं, "साहेब, एकदा फिरवा आणि मारा. चेंडू सापडेना तर सोडा. तरी उशीर झालाच, तर मागच्यांना हात करून पुढे जाऊ द्या."

"बरं, काका," म्हणाला आणि शिकला. पुढे इतका भरभर चालायचा की मलाच धाप लागायची.

मग आमची ही गेली. नदीवर, रामघाटावर तिचं तेरावं उरकून मी कामावर आलो, पण पाचव्या भोकापाशी पाय उचलेनात. तिथेच बसलो. मागून हाका सुरू झाल्या. साहेबाने मागच्यांना हात केला आणि माझ्याशेजारी गवतावर बसला. खेळणाऱ्यांच्या दोन टोळ्या पुढे गेल्या, मग तिसरी.

"साहेब, खेळा तुम्ही."

"जाऊ द्या त्यांना, काका."

हरवलं ते सोडा, हे माझंच बोलणं तो मला ऐकवू शकला असता. त्याने ऐकवलं नाही.