आठवडी बाजारातली चढाई

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते माझ्या शाळेतल्या खेळाच्या सरांचे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेज पाहिलं नव्हतं. मी पदवीधर झालो, पाटोद्यात खेळाचा शिक्षक झालो, तो त्यांच्यामुळे.

सर कबड्डीचा सराव मुद्दाम आठवडी बाजाराच्या दिवशी, बाजाराशेजारच्या मैदानात घ्यायचे. "लोक हसत असताना दम टिकला पाहिजे," म्हणायचे. मीही तेच सुरू केलं. माझी सगळ्यात चपळ चढाईपटू ऊसतोड कामगारांची मुलगी. चार माणसं बघायला लागली की तिचा आवाजच बसायचा. म्हणून मी बाजारातल्या एका केळीवाल्या चाचांना तिला चिडवायला सांगितलं. चाचांनी ते काम फारच मनावर घेतलं.

"ए बाई, चढाईला आलीस का हरवलेली शेळी शोधायला?"

"चाचा, तुमी केळं बघा, काळी पडायलीत."

उत्तर देताना तिचं 'कबड्डी कबड्डी' तुटायचं आणि ती बाद व्हायची. हळूहळू ती नुसती हसायला लागली, दम मात्र सोडेना.

जिल्ह्याचा अंतिम सामना हॉलमध्ये झाला. शेजारच्या इमारतीत परीक्षा होती, म्हणून प्रेक्षकांना गप्प बसायची ताकीद होती. गुण बरोबरीत, शेवटची चढाई तिची. एक गुण मिळाला तर आम्ही विभागीय स्पर्धेला जाणार. ती रेषेजवळ थांबली.

"सर, लई गप्प हाय हो इथं."

याची तयारी मी करून घेतलीच नव्हती.

तेवढ्यात मागून आवाज आला, "ए बाई, झोप लागली का? अंथरूण आणू?"

चाचा गाडा भावाकडे सोपवून आले होते. पंचांनी त्यांना लगेच बाहेर काढलं. ती हसली, दम भरला, कोपऱ्यातल्या मुलीला शिवली आणि परत आली.

त्या रात्री मी चौसाळ्याला माझ्या सरांना पत्र लिहिलं:

"सर, सा. न.
आपण विभागाला चाललो. पण तिथं चाचांना कुणी आत सोडणार नाही, आणि पोरींना शांततेची सवय नाही. रविवारी सगळ्या पोरींना घेऊन तुमच्याकडे येऊ का? तुम्ही फक्त खुर्ची टाकून, काही न बोलता बघत बसा. मला तरी त्याचीच सगळ्यात जास्त धास्ती वाटायची.
आपला विद्यार्थी"