तात्यांची इंजेक्शनं आणि आमची बातमी

बातमीदाराकडे छापलेल्यापेक्षा न छापता आलेलंच जास्त साचतं. बारामतीच्या आमच्या ऑफिसातले हे किस्से त्यातलेच. सगळे एकाच बातमीचे, आणि ती मी गिळणार नव्हतो.

*

आमचे फोटोग्राफर तात्या बावडा गावचे. पन्नाशी उलटली, थकवा जाईना. त्यांनी थेट एका क्लिनिकमध्ये पुरुषी हार्मोनची इंजेक्शनं सुरू केली. आधी रक्त तपासलं का, म्हणून मी झापलं. तात्या म्हणाले, "आपल्याच पेपरात जाहिरात हाय, अण्णा. आपलाच पेपर खोटा धरू व्हय?"

*

काही महिन्यांनी तात्यांनी पेढे वाटले. एकूण कोलेस्टेरॉल उतरलं म्हणून क्लिनिकवाल्यानं अभिनंदन केलं होतं. रिपोर्ट मी हृदयाच्या डॉक्टरांना दाखवला. उतरलं होतं ते मुख्यतः चांगलं कोलेस्टेरॉल! या हार्मोननं असं होऊ शकतं, कमतरता सिद्ध झाल्याशिवाय ते सुरूच करू नये, असं ते म्हणाले.

तात्यांच्या घरी गोठा आहे. हे ऐकून ते म्हणाले, "म्हंजी साय काढून घेतली, आन् वर म्हणतोय दूध हलकं झालं."

*

मी क्लिनिक गाठलं. न तपासता कमतरता कशी कळते, विचारलं. तिथला माणूस म्हणाला, चेहऱ्यावरून. मग माझा बघा, म्हटलं. त्यानं चष्मा पुसून नीट पाहिलं.

"तुम्हाला डबल डोस लागेल."

*

बातमी लिहिली. आमच्या मालकांनी ती पूर्ण वाचली आणि शांतपणे सांगितलं, छापू की, फक्त त्यांची जाहिरात असेल त्या दिवशी नको.

जाहिरात रोज असते!

*

मी मालकांच्या केबिनमध्ये जाऊन आवाज चढवला. तात्याही मागोमाग आले. मालक हसले. "असली इंजेक्शनं घेतली म्हणणारा एक पुरुष नाव-फोटोसकट आणा. उद्याच पहिल्या पानावर छापतो."

असा कोणी येणार नाही, याची त्यांना खात्री होती. मलाही होती. बावड्यात हे कळलं तर पारावर बसायची सोय उरणार नाही, असं तात्यांनी मला दहादा बजावलं होतं.

तात्या दाराशी लेन्स पुसत उभे होते. त्यांनी कॅमेरा माझ्या हातात दिला आणि मालकांसमोरच्या खुर्चीत ताठ बसले.

"काढा, अण्णा. मिशी तेवढी नीट येऊ द्या."