पुढची स्लाइड

कप्तान पत्ता सांगायला लागले की आधी समुद्र कुठे आहे ते सांगायचे. राहायचे लंडनच्या क्रॉयडनला, जिथून समुद्र गाठायला ट्रेनने तास तरी लागावा. पण फोनवर म्हणायचे, "स्टेशनातून बाहेर पडा, समुद्राकडे पाठ करा, दुसऱ्या गल्लीत उजव्या हाताला." समुद्र कुठल्या बाजूला आहे, हे पहिल्या खेपेला मी गेटवरच्या तिकीट तपासणाऱ्याला विचारलं. त्याने माझं तिकीट दोनदा उलटंसुलटं करून पाहिलं.

खरं तर ते कप्तान नव्हतेच. देवगडचा माणूस, मालवाहू जहाजांवर फिटर. जहाज सोडल्यावर लंडनमध्ये लिफ्ट दुरुस्त करायचे. 'कप्तान' हे आमच्या मराठी मंडळातल्या लोकांनी चिकटवलेलं. कुणी तशी हाक मारली की ते न चुकता सांगायचे, "कप्तान वर असतो. मी खाली, इंजिनात." मला हा नम्रपणासुद्धा संशयास्पद वाटायचा. त्यात दोष माझ्या नोकरीचाही होता. मी कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या नगरपालिकेच्या, ऑफिसात लोकांनी भरलेले फॉर्म खरे की खोटे ते तपासायचो. दिवसभर परक्या लोकांवर संशय घेण्याचा मला पगार मिळायचा. संध्याकाळी ओळखीच्यांवर मी तो फुकट घ्यायचो.

कप्तानांकडे एका बेटावरच्या फोटोंच्या स्लाइड्स होत्या. ब्राझीलमधलं इतापारिका. त्यांचं जहाज समोरच्या बंदरात बिघडून पडलं होतं आणि सुटा भाग येईपर्यंत काही आठवडे इंजिनवाल्यांना काम नव्हतं. बाकीचे खलाशी गावात रमले, हे रोज होडीने पलीकडे जाऊन पोर्तुगीजांच्या जुन्या इमारती बघत बसले. बेटाच्या टोकावरचा पांढरा, बुटका किल्ला, जुनी चर्चं, झऱ्याचं पाणी भरायची रंगीत फरशांची जागा. या इमारतींबद्दल बोलताना ते गावातल्या नातेवाइकांची चौकशी केल्यासारखे बोलायचे. "किल्ला लहानच आहे हो. पण भिंतीवर उभं राहून डाव्या हाताला समुद्र ठेवला ना, की सगळी खाडी त्याच्या मुठीत."

आता मला सांगा, फिटर माणूस सुट्टीत चर्च बघत हिंडतो? आणि हिंडला तर, त्यांच्याच सांगण्याप्रमाणे, एकाही स्लाइडमध्ये स्वतः कसा नाही? आपला माणूस ट्रॅफल्गर स्क्वेअरला गेला तरी डोक्यावरच्या कबुतरासकट फोटो काढून गावी पाठवतो. मी हे एकदा त्यांना विचारलंही. ते म्हणाले, "वसईकर, माणूस फोटोत आला की 'मी आलो होतो, मी आलो होतो' म्हणत राहतो. भिंतीला बोलायला जागा राहत नाही." हे उत्तर मला फार पाठ केलेलं वाटलं. असल्या स्लाइड्स विमानतळावर विकत मिळतात, असं मी त्याच आठवड्यात चारपाच जणांच्या कानात घातलं. स्लाइड्स तोवर कुणीच पाहिल्या नव्हत्या, मीही नाही.

एका दिवाळीनंतर मंडळाने भाड्याच्या हॉलमध्ये त्यांच्या स्लाइड्स ठेवल्या. ऐंशीच्या दशकाचा मध्य असेल. कप्तान कोट घालून आले होते. पाठीमागे प्रोजेक्टर, हातात वायरचं बटण. किल्ला झाला, झरा झाला. मग आलं एक छप्पर उडालेलं चर्च. झाडाच्या मुळांनी भिंतींना मिठी मारून त्यांना उभं धरलेलं. ही भिंत माझ्या ओळखीची होती. वसईच्या किल्ल्यात अशाच भिंतींवर चढून आम्ही शाळा बुडवली होती. पुढच्या स्लाइडमध्ये त्याच भिंतीला लागून एक फणस. बुंध्यापासून लगडलेला.

मी उभाच राहिलो. "फणस! अहो कप्तान, ही तर आमची वसई!"

हॉल हसला. हसू मिळालं की माझी जीभ सुटते. "ब्राझीलला फणस कुणी नेला? तुम्ही, बॅगेतून?"

मागून कुणी ओरडलं, "बोट चुकली, कप्तान बोरिवलीच्या पुढे उतरले!"

कप्तानांनी बटणावरचा अंगठा उचलला. पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत सावकाश सगळ्यांकडे पाहिलं, कुणाची तरी वाट बघावी तसं. मग प्रोजेक्टरचा दिवा बंद करून म्हणाले, "संपल्या स्लाइड्स." स्लाइड्सचा ट्रे अजून अर्धा बाकी होता, ते मी पाहिलं, आणि तोही पुरावाच समजलो. त्या संध्याकाळी मी विजयाचे तीन बटाटेवडे खाल्ले. कप्तान चहाला थांबले नाहीत. पुढे मंडळात यायचेच थांबले.

काही वर्षांनी ईलिंग रोडवर भाजी घेताना बायकोने हाक मारली, "अहो, इकडे या. हे वाचा." दुकानाबाहेर कापलेला फणस होता, आणि त्याच्या खोक्यावर छापलं होतं: प्रोड्यूस ऑफ ब्राझील.

"खोका दुसऱ्या कशाचा असेल," मी म्हटलं.

दुकानदार गुजराती. तो म्हणाला, "बॉस, माल ब्राझीलचाच. पोर्तुगीज लोक आपल्याकडून तिकडे घेऊन गेले. आता आपल्यालाच विकतात."

मी त्याच्याकडे मालाचं बिल मागितलं. खोटं कशाला सांगू, मागितलं. त्याने दाखवलं.

"आता फणसाचा पासपोर्ट बघता का?" बायको म्हणाली. "चला. अर्धा घ्या, आणि जा क्रॉयडनला."

फणसाच्या वासाने ट्रेनच्या डब्यातली माझ्या शेजारची सीट शेवटपर्यंत रिकामी राहिली. मी स्टेशनातून बाहेर पडलो, कुणालाही न विचारता समुद्राकडे पाठ केली आणि दुसऱ्या गल्लीत वळलो. कप्तानांनी दार उघडलं, माझ्याकडे न बघता पिशवीचा वास घेतला आणि विचारलं, "कापा की बरका?"

सुरीला आणि हातांना खोबरेल लावून ते गरे काढायला बसले. "आठळ्या टाकू नका, उद्या उकडीन." मी पाठ करून आणलेली माफी कुठे घालावी ते मला कळेना. शेवटी गरा तोंडात असतानाच म्हणालो, "कप्तान, मी चुकलो. त्या दिवशी नुसतं सांगायचंत ना, फणस आपल्याकडूनच तिकडे गेला म्हणून."

"पुढच्याच स्लाइडमध्ये पाटी होती," ते म्हणाले. "धक्क्यावरची. बेटाचं नाव, हे एवढ्या अक्षरांत."

"मग दाखवली का नाहीत? एक बटण दाबायचं होतं!"

"पाटी बघून विश्वास ठेवला असता, तो पाटीवर. माझ्यावर कुठे?" त्यांनी चिकाचे हात कागदाला पुसले. "तुमचं नाही वाईट वाटलं, वसईकर. तुमचा धंदाच तो. पण साठ माणसं होती हॉलमध्ये. माझ्याकडे जेवून गेलेली. एक तरी म्हणेल, 'अहो, कप्तान म्हणतात तर असेल.' तेवढ्यासाठी थांबलो होतो."

त्यानंतर आम्ही बऱ्याचदा भेटलो. मंडळात मात्र ते पुन्हा आले नाहीत. पाय दुखायला लागल्यावर देवगडला बहिणीकडे राहायला गेले. जाताना तो ट्रे माझ्या हातात दिला. "दाखवा लोकांना. मीच दाखवायला हवं असं कुठे आहे?" गावाहून त्यांचं एकच पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, की इथे समुद्र समोरच असल्यामुळे पत्ता सांगताना फार गोंधळ होतो. पुढचं पत्र बहिणीचं होतं.

मंडळात मी त्या स्लाइड्स दाखवल्या. आधी उभं राहून त्या संध्याकाळची माझी करामत सांगितली. या वेळी कुणी हसलं नाही. मग किल्ला, झरा, मुळांनी धरलेलं चर्च, फणस, आणि तिथून पुढचा उरलेला अर्धा ट्रे. फक्त फणसानंतरची ती एक स्लाइड मी ट्रे घरी आणला त्याच दिवशी, डोळे दुसरीकडे करून, काढून पाकिटात घातली होती. ती टेबलाच्या खणात आहे. हात शिवशिवतो. खणाला कुलूप नाही.

बायको कधी कधी म्हणते, "अहो, एकदा उजेडाला धरून बघा तरी, काय आहे तिच्यात."

"बघायचं काय?" मी म्हणतो. "पाटी आहे."