तीन वाजताची जाग
माझी भावजय यूझेन आयुष्यात एकच खोटं बोलली, पण ते अठरा वर्षं बोलली. त्यात मी तिची भागीदार होते, म्हणून हे मलाच सांगायला हवं.

माझा धाकटा भाऊ चोंगयी आमच्या बोझोउ गावातला वैद्य. पेशंट समोर बसला की मनगटावर तीन बोटं ठेवायची आणि पहिला प्रश्न ठरलेला, "रात्री किती वाजता जाग येते?" आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ असतं, एक ते तीन यकृताची वेळ, तीन ते पाच फुफ्फुसाची. ज्या वेळेला झोप मोडते, दुखणं तिथलं. आणि यकृतात राग साचतो, फुफ्फुसात शोक. एखादी बाई "दोनला" म्हणाली, की चोंगयी हसायचा, "वहिनी, औषध तुम्हाला देऊ की नवऱ्याला?"

लेइलेइ गेला आणि ते हसणं संपलं. लेइलेइ त्यांचा एकुलता एक, नऊ वर्षांचा. ताप आला तर बापानंच तीन दिवस काढे दिले. चौथ्या दिवशी दवाखान्यात नेला, तेव्हा तिथल्या डॉक्टरनं नुसती मान हलवली. चोंगयीनं अन्न टाकलं. यूझेनच्या डोळ्यांत पाणी दिसलं की हा उठून नदीकडे चालू लागायचा. दोनदा मी त्याला काठावरून ओढून आणलाय. शेवटी यूझेननं रडणं बंद केलं. पोराचं नावसुद्धा घरात निघेना.

दिवसा सोंग आणता येतं हो, झोपेला कोण समजावणार? रोज तीन वाजता ती उठायची. माझी खोली शेजारीच, नवरा वारल्यापासून मी भावाकडेच असते. मागच्या पडवीत ती औषधाची शेवंतीची फुलं निवडत बसायची आणि बाहीचा बोळा तोंडात कोंबून रडायची.

एकदा चोंगयीनं तिची नाडी धरली. "किती वाजता उठतेस गं?"

"एकला," ती म्हणाली.

मी तिला चुलीपाशी गाठलं. "एकला? माझे डोळे फुटलेत का?"

"वन्सं, तीन म्हटलं तर त्यांना कळेल मी अजून रडतेय. मग पुन्हा नदी गाठतील. तुम्हाला माझ्या गळ्याची शपथ."

शपथ घातली मेलीनं, आणि मी तोंडाला कुलूप लावलं.

एक म्हणजे यकृत, यकृत म्हणजे राग, एवढं साधं आम्हा दोघींच्या डोक्यात येऊ नये! वैद्याच्या घरातल्या बायका आम्ही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. त्या दिवसापासून चोंगयी तिचा काढा स्वतः उकळायचा, गाळायचा, दोन्ही हातांनी तिच्यापुढे धरायचा आणि मान खाली घालायचा. अंथरूण त्यानं पुढच्या औषधांच्या दुकानात हलवलं. मी एकदा खडसावलं, "बायकोशी दोन शब्द बोल की रे दगडा!"

"कुठल्या तोंडानं बोलू, ताई?"

दर महिन्याला तो विचारायचा, दर महिन्याला ती "एकला" म्हणायची. या खोट्याच्या सोळाव्या वर्षी तिला खोकला लागला. चोंगयी म्हणाला, यकृताचा जाळ वर चढून फुफ्फुस तापवतोय, आणि त्यानं यकृताचंच औषध वाढवलं. मी तिथेच उभी होते. गप्प.

दोन वर्षांनी खोकल्यातून रक्त पडलं तेव्हा मोठ्या दवाखान्यात नेलं. फुफ्फुसात गाठ होती, पसरलेली. अकरा आठवड्यांत गेली.

ती जाऊन सात आठवडे झाले, तेव्हा रिवाजाप्रमाणे तिच्या नावाचे कागद जाळून आम्ही घरी आलो. चोंगयी गल्ल्यामागे बसला आणि म्हणाला, "अठरा वर्षं तिनं मला माफ केलं नाही, ताई. दर महिन्याला वाटायचं, आज म्हणेल, झोपले शांत. पण नाही. एकच. एवढा राग! तिचं बरोबरच होतं म्हणा, लेइलेइला मीच मारला."

 मेलेल्या माणसाची शपथ मोडते का, मला ठाऊक नाही. माझ्यानं राहवलं नाही.

"अरे, ती रागावली नव्हती रे! एक नाही, तीन. रोज तीनला उठायची. पोरासाठी रडायची. तू नदीवर जाशील म्हणून खोटं सांगायची."

"रागावली नव्हती?"

"एक दिवससुद्धा नाही."

चोंगयी हसला. खरंच हसला, अठरा वर्षांनी. माझा हात धरून म्हणाला, "तीन! तीनला उठायची ती!" पुन्हा म्हणाला, "तीन." आणि मग त्याचा चेहरा बघता बघता उतरला. तेव्हा मला कळलं, मी काय करून बसले ते.

"नाडीत दुखणं फुफ्फुसाचंच लागायचं, ताई," तो म्हणाला. "दर महिन्याला लागायचं. मला वाटायचं, तिच्या रागाला भिऊन माझी बोटं पळवाट शोधतायत. म्हणून बोटांचं सोडून मी तिचं 'एक'च खरं धरलं."

आता तो कुणाची नाडी बघत नाही. काढ्यानं ती गाठ विरघळली नसती, हे दवाखान्यातल्या डॉक्टरनं सांगितलंय, मी दहादा सांगितलंय. "पण पहिल्या खोकल्याला नेली असती ना तिला," तो म्हणतो. "पोराला उशीर केला, तिलाही केला."

मी त्याच्यापुढे वाटीभर भात ठेवते आणि आत निघून येते. उशीर त्यानं केला नाही. त्याला माहीत नव्हतं. मला माहीत होतं.